बापाचा सुस्कारा आणि ‘हवाई सुंदरी’

गोष्ट तशी अर्ध्या-एक मिनिटाची. घरात पैशांची ओढाताण. मुलगी कमावती आहे, पण पगार तुटपुंजा. बाप सुस्कारा टाकतो : आपल्याला मुलगा असता तर! मुलगी रंगाने सावळी. मग गोरं करणाऱ्या क्रीमची ट्यूब येते, या जाहिरातींच्या रिवाजाप्रमाणे चेहरा उजळतो, मुलीला चांगल्या पगाराची हवाई सुंदरीची नोकरी लागते आणि बापाच्या चेहऱ्यावर हसू येतं. ‘फेअर अँड लव्हली’ची ही जाहिरात २००२ च्या सुमाराला टीव्हीवर लागायची. २००३ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

आमच्याकडे रात्रीच्या मालिकांच्या मध्ये ती यायची. खरं सांगायचं तर ती पाहून घरातल्या कुणीही हातातलं ताट खाली ठेवलं नव्हतं. मीही नाही. खटकण्यासारखं त्यात काही आहे हे दुसऱ्यांनी दाखवून दिल्यावर कळलं, आणि म्हणूनच हे प्रकरण पुन्हा उघडून बघावंसं वाटतं. माध्यमांमुळे बायकांच्या मनातली स्वतःच्या शरीराची प्रतिमा बदलते, हे वाक्य परीक्षेच्या पेपरात लिहायला सोपं आहे. नेमकं काय बदलतं, ते एका जाहिरातीचे टाके उसवल्याशिवाय दिसत नाही.

तीन दुःखं आणि एक ट्यूब

जाहिरातीत दुःखं तीन आहेत. पगार कमी, मुलगा नाही, रंग सावळा. क्रीम यातल्या फक्त तिसऱ्याला लावता येतं. पण तिसरं मिटलं की पहिलं मिटतं, आणि पहिलं मिटलं की दुसऱ्याची बापाला आठवण राहत नाही. साखळी इतकी गुळगुळीत आहे की तिचे सांधे दिसत नाहीत. वास्तविक पगार कमी असायला शंभर कारणं असतील : शिक्षण, शहर, ओळखीपाळखी, बाईच्या हातावर टेकवला जाणारा कमी मोबदला. जाहिरात कारण सांगतच नाही. ती फक्त चेहरा दाखवते, आणि कारण आपण भरतो.

मुलगा नसल्याचं दुःख चुकीचं आहे, असं मात्र जाहिरात कुठेही म्हणत नाही. बाप सुखावतो तो मुलगी मुलाच्या जागी येऊन बसली म्हणून. आपल्याकडे कौतुकाने म्हणतात ना, “ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे!” तेच कौतुक, फक्त वर एक अट घातलेली : आधी गोरी हो, मग मुलगा होशील.

आणि नोकरी कोणती निवडली बघा. हवाई सुंदरी! नर्स, शिक्षिका, कंडक्टर, तलाठी, बायका करतात त्या दुसऱ्या कुठल्याच कामाच्या मराठी नावात रूपाची अट शिवलेली नाही. त्याच विमानात तोच ट्रे घेऊन फिरणाऱ्या पुरुषाला ‘हवाई सुंदर’ कुणी म्हणत नाही. हा शब्द आपण इतका सहज वापरला की त्यात काय म्हटलंय ते ऐकू येईनासं झालं. या नोकरीत बाईच्या शरीरावर मालकी कुणाची, हा वाद तर तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. नर्गेश मिर्झा खटल्याचा निकाल १९८१ चा. तोवर नियम असा होता की हवाई सुंदरीने पस्तिशीत निवृत्त व्हायचं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा, यातलं जे आधी घडेल त्या वेळी. गरोदरपणाची अट न्यायालयाने रद्द केली. चार वर्षांच्या लग्नबंदीत मात्र न्यायालयाला काही गैर दिसलं नाही. पुढे २००९ मध्ये वजन जास्त म्हणून काही जणींना कामावरून काढलं गेलं. म्हणजे जाहिरात लिहिणाऱ्याने आकाशातून काही आणलं नव्हतं. बाईचा देह हीच जिथे पात्रता मानली जात होती, अशी नोकरी त्याने अचूक उचलली.

लग्नाच्या बाजारातून नोकरीच्या बाजारात

हे क्रीम १९७५ सालचं. तेव्हाची हिंदुस्तान लिव्हर, २००७ पासून हिंदुस्तान युनिलिव्हर. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला, त्यामुळे या क्रीमचं आणि टीव्हीवरल्या जाहिरातींचं बालपण एकत्रच गेलं. सुरुवातीच्या काळात गोरेपणाच्या जाहिरातींचं सगळं लक्ष लग्नावर. बघायला येणारी मंडळी, पोह्यांच्या बशा, मुलाची नजर. नव्वदीनंतर दारं-खिडक्या उघडल्या, मुली शिकून बाहेर पडल्या, आणि जाहिरात त्यांच्या मागोमाग ऑफिसात पोचली. एका जाहिरातीत तर मुलगी चक्क क्रिकेटची समालोचक होते. समालोचन म्हणजे आवाजाचं आणि अभ्यासाचं काम. पण त्याही वाटेवर आधी चेहरा उजळून घ्यावा लागला.

कंपनीच्या बाजूने याला ‘आत्मविश्वास’ आणि ‘सक्षमीकरण’ म्हटलं गेलं. वरवर पाहिलं तर फरक मोठा आहे. आधी मुलीला नवरा मिळायचा, आता पगार मिळतो. जुन्या जाहिरातीत ती खाली मान घालून बसायची, नवीत मान वर करून चालते. पण दोन्हीकडे दार एकच आहे, दारावरचा माणूस तोच आहे, आणि तो चेहऱ्याकडे बघूनच आत सोडतो. बाईची भूमिका बदलली, पण आत शिरायचं भाडं तेच राहिलं.

आणि आपण काही कमी नव्हतो

कंपन्यांचं नेहमीचं म्हणणं असं की गोऱ्या रंगाची हौस समाजात होतीच, आम्ही ती पुरवली. याला एकदम झिडकारता येत नाही. मराठीत रंगाची अख्खी शिडी आहे : गोरीपान, गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, काळी. यातलं ‘निमगोरी’ मला नेहमी घासाघीस करून ठरलेल्या भावासारखं वाटतं; मुलीकडच्यांनी सांगितलेलं ‘गोरी’ आणि मुलाकडच्यांनी पाहिलेलं ‘सावळी’ यांच्यामध्ये कुठेतरी सौदा ठरला. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘वर्ण’ असा रकाना टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे. गरोदर बाईला केशर घातलेलं दूध द्यायचं ते कशासाठी, हे कुणाला सांगावं लागत नाही. “रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे,” या वाक्यातला ‘पण’ कुठल्याही कॉपीरायटरने लिहिलेला नाही. गंमत म्हणजे ज्या पंढरीच्या विठोबाला आपण सावळा म्हणून आळवतो, त्याच्याच वारीला जाऊन आलेल्या घरात सून शोधताना मात्र गोरी लागते.

मग जाहिरातीने नवीन काय केलं?

माझ्या मते एकच गोष्ट केली, आणि ती फार मोठी होती. तोवर रंग हा नशिबाचा भाग होता. आत्यावर गेली, आजोळचा रंग घेतला, देवाने दिलं. बोलणी खावी लागायची, टोमणे बसायचे, पण ‘तू तसा ठेवलास’ असं कुणी म्हणू शकत नव्हतं. हळद-साय-डाळीचं पीठ होतं, ते सणावारी न्हाण्याच्या लाडात मोडायचं. ट्यूब आली आणि रंग हा कामाचा भाग झाला. आता उपाय आहे, दुकानात आहे, पाच रुपयांच्या पुडीत आहे. तरीही तू काळी राहिलीस, तर तुझाच आळस! शरमेला नवा पत्ता मिळाला. दोष नशिबाकडून मुलीकडे सरकला. झाडलोट, स्वयंपाक, अभ्यास यांच्या यादीत चेहरा हे आणखी एक काम वाढलं, आणि ते तिचं तिनेच करायचं.

या नजरेने त्या जाहिरातीकडे पुन्हा बघा. बाप सुस्कारा टाकतो आणि तिथेच थांबतो. आई काही करत नाही. कमी पगार देणारा मालक तर दिसतही नाही. घरातल्या तीन दुःखांवर हालचाल करणारं माणूस एकच, आणि तिच्या हातात ट्यूब.

तक्रार

जाहिरातीविरुद्ध उभी राहिली ती अखिल भारतीय जनवादी महिला संघटना. बृंदा करात तेव्हा संघटनेच्या सरचिटणीस होत्या. २००२ मध्ये संघटनेने आधी कंपनीला कळवलं. तिथे दाद लागली नाही तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग गाठला, आणि तिथून प्रकरण माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे आलं. संघटनेचे आक्षेप नीट वेगळे केलेले होते : जाहिरात वर्णभेदी आहे, मुलाचा हट्ट पोसणारी आहे, आणि नोकरी करणाऱ्या बायकांचा अपमान करणारी आहे. म्हणजे रंग हा त्यातला एकच धागा होता. पुढे प्रकरणाची आठवण काढताना लोक फक्त रंगाबद्दल बोलतात, त्यामुळे हे मुद्दाम लिहून ठेवतो.

कायदा होता का? होता. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत सातवा नियम जाहिरातींच्या संहितेचा आहे. वंश, जात, वर्ण, पंथ किंवा राष्ट्रीयत्वाची टिंगल करणारी जाहिरात चालणार नाही, असं त्यात आहे. शिवाय बाईला निमूट, दबलेली दाखवून कुटुंबात आणि समाजात दुय्यम जागा घ्यायला उत्तेजन देणारं चित्रण चालणार नाही, असंही आहे. मला हे कलम वाचून जरा आश्चर्यच वाटलं होतं. शरीर आणि बाईची पायरी, दोन्ही एकाच नियमात, आणि तेही ही जाहिरात येण्याच्या आठ वर्षं आधी लिहिलेलं. नियम कपाटात होता. तो बाहेर काढायला वर्षभर पत्रव्यवहार करणारी संघटना लागली.

मंत्रालयाने वाहिन्यांना नोटिसा दिल्या, तेव्हाचे मंत्री रविशंकर प्रसाद यांनी ही जाहिरात बायकांना कमी लेखणारी असल्याचं जाहीरपणे म्हटलं, आणि मार्च २००३ मध्ये कंपनीने दोन जाहिराती थांबवल्या. एक हवाई सुंदरीची. दुसरीत दोन मुलींची तुलना होती, एकीला प्रियकर आहे, दुसरीला नाही; का नाही ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्या वेळचा महाराष्ट्र आठवून बघा म्हणजे बापाच्या सुस्काऱ्याचं वजन कळेल. २००१ च्या जनगणनेचे आकडे नुकतेच आले होते. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे देशात ९२७ मुली, महाराष्ट्रात ९१३. दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे हाच आकडा ९४६ होता. गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला होता, आणि तरी ही घसरण. देशाचा कायदा कडक करणारी दुरुस्ती अमलात आली १४ फेब्रुवारी २००३ ला. म्हणजे सोनोग्राफीच्या खोलीत “मुलगा आहे का?” विचारणं गुन्हा ठरत होतं, त्याच दिवसांत दिवाणखान्यातल्या टीव्हीवर एक बाप तेच विचारत होता आणि मध्ये कुणी टोकत नव्हतं.

सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकोशी’ नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्या मुली २००२-०३ मध्ये लहान होत्या किंवा जन्मायच्या होत्या. त्यांच्या घरी ती जाहिरात लागली असेल-नसेल. जाहिरातीतल्या बापाला मात्र त्यांच्या बापांनी लगेच ओळखलं असतं.

गरीब बाईची निवड

जाहिराती गेल्या, क्रीम राहिलं. त्याच वर्षी कंपनीने ‘फेअर अँड लव्हली फाउंडेशन’ काढलं. मुलींना शिष्यवृत्त्या, करिअरचं मार्गदर्शन. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीचं त्यातून भलं झालं असेल, त्यावर मी नाक मुरडणार नाही. पण मुलीच्या शिक्षणाच्या कागदावर त्या क्रीमचं नाव छापलेलं असणं, हा विनोद कुणाच्या लक्षात आला नाही की सगळ्यांनी गिळला, कोण जाणे.

मग वाद वेगळ्याच ठिकाणी रंगला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले सी. के. प्रल्हाद हे गरिबांच्या बाजारपेठेवर लिहिणारे मोठं नाव. त्यांनी सहलेखकाबरोबर २००४ मध्ये एका झाडूवालीचं उदाहरण दिलं : ती हे क्रीम वापरते, तिला त्याचा अभिमान आहे, परवडणारी वस्तू निवडता आल्याने तिला बळ मिळालं. त्याच विद्यापीठातले अनिल कर्नानी यांनी २००७ मध्ये याच क्रीमचा प्रकरण अभ्यास करून उलट मत मांडलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की कंपनीचा नफा होणं आणि समाजाचं भलं होणं या दोन गोष्टी इथे एका दिशेला जात नाहीत. ज्या पूर्वग्रहाने ती बाई खाली दाबली गेली आहे, तोच पूर्वग्रह पुडीत भरून तिला विकणं याला बळ देणं म्हणता येणार नाही.

मला कर्नानींचं पटतं, पण प्रल्हादांची झाडूवाली डोक्यातून जात नाही. तिला मूर्ख समजण्याचा मोह आपल्यासारख्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना फार होतो. ती मूर्ख नव्हती. उजळ रंगाच्या बाईला दुकानदार ‘मॅडम’ म्हणतो आणि सावळीला ‘ए’ म्हणतो, हे तिने रोज पाहिलेलं होतं. पाच रुपयांत जर ‘ए’चं ‘अहो’ होण्याची थोडी शक्यता मिळत असेल, तर तिचा हिशेब बरोबर होता. जगाचा हिशेब चुकीचा होता, आणि तो बदलण्याची पुडी कुणी विकत नव्हतं.

पुरुषांचं वेगळं

पुरुषही हे क्रीम वापरत होते, गुपचूप. बहिणीची ट्यूब, बायकोची ट्यूब. २००५ मध्ये इमामीने ‘फेअर अँड हँडसम’ आणलं आणि पुढे शाहरुख खान त्याचा चेहरा झाला. तिथली गोष्ट अशी की मुलींचं क्रीम चोरून लावणाऱ्या तरुणाला लाज वाटायला हवी, कारण पुरुषाची कातडी राकट, तिला पुरुषी क्रीम हवं. गोरं व्हायला हरकत नाही, बायकी व्हायला आहे! सावळ्या मुलीला रंगाची लाज घातली, मुलाला ट्यूबची. आणि मुलाच्या जाहिरातीत कुठलाही बाप सुस्कारा टाकत नाही. सावळा मुलगा घरावरचं ओझं नसतो. गोरा झाला तर हिरो, नाही झाला तरी मुलगाच. या एका फरकात सगळं आलं. (या क्रीमच्या दाव्यांवर २०१३ मध्ये दिल्लीत एका ग्राहकाने केलेली तक्रार अकरा वर्षं फिरत राहिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ग्राहक मंचाने कंपनीला साडेचौदा लाखांचा दंड भरायला सांगितला. ट्यूबची किंमत होती ७९ रुपये.)

‘आधी’चा चेहराही हसरा

दरम्यान चेन्नईच्या ‘विमेन ऑफ वर्थ’ संस्थेने २००९ मध्ये ‘डार्क इज ब्यूटिफुल’ मोहीम सुरू केली, २०१३ मध्ये अभिनेत्री नंदिता दास तिच्यात आल्या, आणि विषय इंग्रजी वर्तमानपत्रांतून बाहेर पडला. २०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे मुंबईतल्या ‘अ‍ॅस्की’ने, त्वचा उजळवण्याच्या जाहिरातींसाठी नियम केले. सावळ्या माणसाला दुःखी, खचलेलं दाखवायचं नाही. लग्न, नोकरी, बढती यांत तो मागे पडतो असं सुचवायचं नाही. रंगावरून स्त्री-पुरुष भेदाला खतपाणी घालायचं नाही.

नियम चांगले होते. अंमलबजावणीतली गंमत बघा : क्रीम लावण्याआधीचा चेहरा उदास नको म्हटल्यावर जाहिरातीत ‘आधी’चा चेहराही हसू लागला. आधी हसरी, नंतर जास्त हसरी आणि जास्त उजळ. नोकरी नाकारण्याचा प्रसंग कापला, पण नोकरी मिळण्याचा राहिला. पाहणाऱ्याला एवढं पुरतं. तीस-पस्तीस वर्षं एकच गोष्ट सांगितल्यावर अर्धी गोष्ट सांगितली तरी उरलेली अर्धी प्रेक्षक मनातच पूर्ण करतो. अ‍ॅस्की चौकट तपासू शकते, चौकटीबाहेर प्रेक्षकाने मनात भरलेलं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा दाव्यांसाठी पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड सुचवणारा कायदादुरुस्तीचा मसुदा काढला. मग कोरोना आला आणि सगळ्यांचे चेहरे मास्कमागे गेले.

पंचेचाळीस वर्षांनी

२५ मे २०२० ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. महिन्याभरात जॉन्सन अँड जॉन्सनने भारतात विकलं जाणारं गोरेपणाचं क्रीम बंद केलं, मुंबईच्या शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून स्थळं गाळण्याची सोय काढली, आणि २५ जूनला हिंदुस्तान युनिलिव्हरने ‘फेअर’ शब्द सोडत असल्याचं सांगितलं. २ जुलैला नवं नाव आलं : ‘ग्लो अँड लव्हली’. गोरा, उजळ करणं अशा अर्थाचे शब्द पाकिटावरून जातील असं ठरलं. दोन चेहऱ्यांचं चित्र आणि रंगाची पट्टी २०१९ मध्येच काढल्याचं कंपनीने सांगितलं.

देशातल्या बायकांनी २००२ पासून जे मागितलं, ते १८ वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या एका खुनाने महिन्यात करून दाखवलं. यात कुणाला आनंद वाटला असेल तर वाटो. मला तेव्हा राग आला होता. आपल्या तक्रारीची आवक कुठल्या गोदामात पडून होती, हे त्या एका महिन्याने दाखवलं.

आणि नावासाठी लगेच भांडण! पुरुषांच्या क्रीमचं ‘ग्लो अँड हँडसम’ हे नाव कुणाचं यावर हिंदुस्तान युनिलिव्हर आणि इमामी या दोन कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०२० मध्ये अंतरिम आदेश हिंदुस्तान युनिलिव्हरच्या बाजूने लागला. प्रकरण कोलकात्याच्या उच्च न्यायालयातही पोचलं. गोरेपणा टाकून देण्याची एवढी घाई, आणि त्याच्या जागी आलेल्या शब्दाची मालकी सोडायला कुणी तयार नाही.

मराठीत तर या नावबदलाने काहीच बिघडलं नाही, कारण आपल्याकडे ‘फेअर’ आणि ‘ग्लो’ या दोन्ही गोष्टींना ‘उजळ’ हा एकच शब्द आहे. “मुलगी रंगाने उजळ आहे,” असं स्थळ सांगताना आपण कायमच म्हणत आलो. गोरी म्हणायला जीभ अडखळते तिथे उजळ म्हणायचं, ही मराठी घरातली जुनी युक्ती. पाकिटावरची इंग्रजी आपल्या सभ्य भाषेपर्यंत यायला २०२० उजाडलं, इतकंच. किराणा दुकानात अजूनही कुणी “फेअर लव्हली द्या” म्हणालं तर दुकानदार न विचारता नव्या नावाची पुडी तोडून देतो.

जिथे जाहिरात नव्हती

एक गोष्ट राहिली, ती म्हणजे क्रीम करतं काय. यातला मुख्य घटक नियासिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. आपल्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य खालच्या पेशी तयार करतात आणि वरच्या पेशींना पुरवतात. नियासिनामाइड हा पुरवठा थोडा मंदावतं. तयार होणं थांबवत नाही. वर उन्हापासून बचाव करणारे घटक असतात. रापलेला चेहरा थोडा निवळतो, डाग फिके होतात. जन्माचा रंग बदलत नाही, आणि लावणं थांबवलं की परिणामही ओसरतो. म्हणजे रोज लावत राहायचं. नशिबाचं रूपांतर कामात झालं म्हणतो ते हे असं, शब्दशः.

हे क्रीम त्यातल्या त्यात निरुपद्रवी. पण ज्या मुलीला आरशाने रोज सांगितलं की हे तुझं काम आहे आणि तू ते नीट करत नाहीयेस, तिला निवळणं पुरत नाही. ती पुढची पायरी शोधते. त्या पायरीवर स्टिरॉइडची मलमं आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जात होती म्हणून २०१८ मध्ये सरकारने त्यातली अनेक मलमं चिठ्ठीच्या यादीत टाकली. त्याच्याही खाली पारा आहे. पारा मेलॅनिन तयार होण्याच्या प्रक्रियेलाच अडवतो, म्हणून खरोखरच रंग उतरतो, झपाट्याने, डोळ्यांना दिसेल असा. आणि कातडीतून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात जातो. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला आपल्याकडे मनाई आहे.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींचं प्रकरण बातम्यांत आलं, दोन बहिणी आणि त्यांची आई. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा. घरात असा आजार नव्हता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉक्टरांनी तिघींमध्ये समान काय आहे ते शोधलं, तेव्हा ब्यूटिशियनकडून आणलेलं एक क्रीम सापडलं, आणि त्यात पारा. हे कुठल्या मोठ्या कंपनीचं क्रीम नव्हतं. त्याला अभिनेत्री नव्हती, टीव्हीवरची वेळ नव्हती, बाप नव्हता, विमान नव्हतं. अ‍ॅस्कीला तपासायला तिथे काही नव्हतं, मंत्रालयाला नोटीस द्यायला वाहिनी नव्हती. एकीने लावलं, घरातल्यांनी बघितलं, आणि मग दुसरीने डबी मागितली.